सोलापुरातल्या गाळ्यात मॅक २: शॉक आणि एक्स्पान्शन वेव्ह ओळखण्याची, मोजण्याची पहिली पायरी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात शिरा, कोपऱ्यात कॉम्प्रेसर असतोच. टॉवेलच्या मागांवरचा पिंजर (धाग्यांचे सुटलेले तंतू) उडवायला, नाहीतर लेथवरचा चुरा झाडायला तो वापरतात. त्याच कॉम्प्रेसरच्या हवेतून ध्वनीच्या दुप्पट वेगाचा, म्हणजे मॅक २ चा, झोत काढता येतो आणि त्यातल्या शॉक वेव्ह डोळ्यांनी पाहता येतात. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात गॅस डायनॅमिक्सची कोष्टकं पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी आणि दाबाच्या हवेबरोबर रोज काम करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आधी गणित, मग नोझल, मग फोटो या क्रमानेच जा. गणित न करता फोटो काढला तर काय दिसतंय तेच कळत नाही.

दोन लाटांमधला फरक

वायूत दाबाचा निरोप ध्वनीच्या वेगाने पसरतो. प्रवाह त्याहून वेगात असेल, तर पुढे अडथळा आहे ही बातमी मागे पोचतच नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पुढची माणसं थांबली तरी मागून रेटा येतच राहतो आणि एका ओळीपाशी गर्दी अचानक दाटते. शॉक ही तशी ओळ. तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी असते आणि तेवढ्यात दाब, घनता, तापमान एकदम चढतं, वेग उतरतो.

प्रवाहाला पसरायला जागा मिळाली तर उलट घडतं. दाब उतरतो, वेग वाढतो, पण हे एका ओळीत होत नाही. कोपऱ्यापासून पंख्यासारख्या उघडत जाणाऱ्या असंख्य बारीक लाटांतून हळूहळू होतं. म्हणून त्याला एक्स्पान्शन फॅन म्हणतात.

नवशिक्याने एकच गोष्ट घट्ट धरावी: स्टॅग्नेशन दाब. म्हणजे प्रवाह कुठलाही तोटा न होता थांबवला तर जो दाब मिळेल तो. एक्स्पान्शन फॅनमधून जाताना तो बदलत नाही. शॉकमधून जाताना तो कमी होतो आणि पुन्हा मिळत नाही. स्टॅग्नेशन तापमान मात्र दोन्हीत तेवढंच राहतं. कोष्टकातल्या आकड्यांच्या गर्दीत हरवलात की या तीन वाक्यांकडे परत या.

पायरी १: आकडे सोलापूरचे घ्या

बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४६० मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब सुमारे ०.९६ बार असतो. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये १०१० च्या आसपास मिलिबार दिसतात. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला दाब असतो, तुमच्या गाळ्यातला नव्हे.

कॉम्प्रेसरचं मीटर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतं. वायूच्या प्रत्येक सूत्रात निरपेक्ष दाब लागतो. म्हणून मीटरवर ६ बार असेल तर गणितात ६.९६ घाला.

तापमान केल्व्हिनमध्ये घ्या. कोरड्या हवेत ध्वनीचा वेग म्हणजे २०.०५ गुणिले केल्व्हिन तापमानाचं वर्गमूळ. मे महिन्यात ४२ अंशाला तो ३५६ मीटर प्रति सेकंद येतो, डिसेंबरच्या सकाळी १५ अंशाला ३४०. हा फरक लहान वाटेल. पण झोताच्या आत तापमान याहून फार खाली जातं, आणि तिथला ध्वनीचा वेग तिथल्या तापमानावर ठरतो. ३७ अंशाची (३१० केल्व्हिन) हवा मॅक २ ला पोचली की तिचं तापमान ३१० भागिले १.८ (१ अधिक ०.२ गुणिले मॅकचा वर्ग), म्हणजे १७२ केल्व्हिन होतं, शून्याखाली १०१ अंश. तिथे ध्वनीचा वेग फक्त २६३, आणि झोताचा वेग ५२६ मीटर प्रति सेकंद. ३४० ची दुप्पट करून ६८० लिहिणारे पुष्कळ भेटतात.

पायरी २: प्रवाह चोक झाला का?

नोझलमागचा निरपेक्ष दाब बाहेरच्या दाबाच्या १.८९३ पटीहून जास्त असेल, तर नोझलच्या सर्वांत अरुंद जागी, म्हणजे थ्रोटमध्ये, मॅक १ होतो. यालाच प्रवाह चोक होणं म्हणतात. सोलापुरात हा आकडा १.८२ बार निरपेक्ष, म्हणजे मीटरवर जेमतेम ०.८६ बार. म्हणून पिंजर उडवणारी साधी ब्लोगनसुद्धा नेहमी चोक झालेलीच असते.

यानंतर मागचा दाब वाढवला तर थ्रोटमधला वेग वाढत नाही, हवेचा खर्च तेवढा वाढतो. खर्च असा काढा: ०.०४०४ गुणिले निरपेक्ष दाब (पास्कलमध्ये) गुणिले थ्रोटचं क्षेत्रफळ (चौरस मीटरमध्ये), भागिले केल्व्हिन तापमानाचं वर्गमूळ. मीटरवर ६ बार आणि ३ मि.मी.चं भोक असेल तर सेकंदाला सुमारे ११ ग्रॅम हवा जाते, म्हणजे मिनिटाला बाहेरची ६३० लिटर, कॉम्प्रेसरवाल्यांच्या भाषेत २२ सीएफएम (मिनिटाला घनफूट). हा आदर्श आकडा आहे; धारदार कडेच्या भोकातून थोडी कमी जाते. पाइपलाइनमधली एक गळती किती महाग पडते, तेही यातून कळतं.

पायरी ३: कोष्टक न पाहता तीन हिशेब

नॉर्मल शॉक, म्हणजे प्रवाहाला काटकोनात उभा असलेला शॉक. दाब किती पट होतो ते असं काढा: मॅकच्या वर्गातून १ वजा करा, १.१६७ ने गुणा, १ मिळवा. मॅक २ ला ४.५ पट येतात. त्याच वेळी घनता २.६७ पट, तापमान १.६९ पट होतं, मॅक ०.५८ वर उतरतो आणि स्टॅग्नेशन दाब ७२ टक्के उरतो. मॅक १.२ ला हाच उरलेला भाग ९९ टक्क्यांहून जास्त असतो, मॅक ३ ला मात्र ३३ टक्के. सौम्य शॉक जवळजवळ फुकट पडतो आणि जोरदार शॉक लुटून नेतो. घनता हवेत ६ पटींपुढे कधीच जात नाही. तुमच्या उत्तरात ७ आले तर मागे जाऊन चूक शोधा.

ऑब्लिक शॉक, म्हणजे तिरका. यात घाबरण्यासारखं काही नाही: प्रवाहाचा शॉकला काटकोनातला भाग काढा आणि त्याला नॉर्मल शॉकचे नियम लावा. शॉकला समांतर असलेला वेग जसाच्या तसा राहतो. मॅक २ चा प्रवाह १० अंश आत वळवला तर शॉकचा कोन ३९.३ अंश येतो. त्याची साइन गुणिले २ म्हणजे १.२६७. दाब १.७१ पट, पुढचा मॅक १.६४, स्टॅग्नेशन दाब ९८.५ टक्के. त्याच समीकरणातून ८३.७ अंशांचं दुसरं उत्तरही निघतं. मोकळ्या हवेतल्या पाचरीवर ते दिसत नाही, कमी कोनाचंच घ्या. आणि मॅक २ ला २३ अंशांहून जास्त वळवायला गेलात तर उत्तरच मिळत नाही. तिथे शॉक टोकापासून सुटतो आणि समोर धनुष्यासारखा वाकून उभा राहतो.

एक्स्पान्शन फॅनसाठी प्रँटल–मेयर कोन लागतो, म्हणजे मॅक १ पासून त्या मॅकपर्यंत पोचायला प्रवाहाला जेवढं वळावं लागतं तो कोन. मॅक २ ला तो २६.३८ अंश. प्रवाह १० अंश बाहेर वळला तर ते मिळवा: ३६.३८. कोष्टकात त्याच्यासमोर मॅक २.३८५ सापडतो. दाब ०.५५ पट होतो. स्टॅग्नेशन दाब तोच.

आता या दोन्हींची एकत्र परीक्षा घ्या. मॅक २ च्या प्रवाहात सपाट पट्टी १० अंशांनी तिरकी धरली, तर खाली ऑब्लिक शॉक (१.७१) आणि वर एक्स्पान्शन फॅन (०.५५). फरक १.१६, त्याला २ भागिले (१.४ गुणिले ४) ने (१.४ हा हवेच्या विशिष्ट उष्णतांचा भागाकार, ४ हा मॅकचा वर्ग) आणि १० अंशांच्या कोसाइनने गुणलं की उचल गुणांक (लिफ्ट कोइफिशंट) ०.४०७ येतो. साध्या रेषीय सूत्राने, म्हणजे ४ गुणिले रेडियनमधला कोन भागिले मॅकच्या वर्गातून १ वजा करून त्याचं वर्गमूळ, ०.४०३ येतो. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर इतकं जवळ आलं की आपला हात बसला असं समजा. हा सराव वहीत एकदा पुरा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ४: नोझल

थ्रोट ३ मि.मी., तोंड (जिथून झोत बाहेर पडतो) ३.९ मि.मी. मॅक २ साठी तोंडाचं क्षेत्रफळ थ्रोटच्या १.६८७५ पट लागतं. व्यासात ते १.३ पट. साहित्य पितळी गोल बार, १२ किंवा १६ मि.मी.चा.

आतली बाजू मोठ्या ड्रिलने उघडून थ्रोटकडे गोलसर उतरू द्या. तिथे धारदार कडा राहिली तर थ्रोटमध्ये प्रवाह आकसतो. थ्रोट ३ मि.मी. ड्रिलने पाडा. पुढचा पसरता भाग एका बाजूला ५ अंश धरला तर त्याची लांबी फक्त ५ मि.मी. भरते. एवढ्या लहान भोकात बोअरिंग टूल शिरत नाही. सिल्व्हर स्टीलची काडी ५ अंशांनी निमुळती टर्न करून, अर्धी घासून, पाणी देऊन कटर बनवून घ्या. चांगल्या टर्नरला चित्र काढून दाखवलं की पुरे. तोंडाचं माप ३.९ च्या ड्रिलची दांडी घालून तपासा. हे माप फार जपा: तोंड ४.१ मि.मी. झालं तर मॅक २.१२ होतो आणि डिझाइन दाब (ज्याला तोंडाशी झोताचा दाब बाहेरच्या दाबाइतका होतो) मीटरवर साडेसहाऐवजी आठ बारच्या वर जातो.

त्या मॅक २ च्या नोझलला सोलापूरच्या हवेत तीन दाब महत्त्वाचे आहेत. मीटरवर ०.१ बारला थ्रोट चोक होतो; पुढे पसरता भाग असल्याने हे पायरी २ मधल्या ०.८६ बारच्या कितीतरी आधी होतं. ०.७१ बारला, कागदावर, नॉर्मल शॉक बरोबर तोंडाशी येतो. ६.५५ बारला झोताचा दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. (समुद्रसपाटीचा दाब धरून हिशेब केला असता तर शेवटचा आकडा ६.९ आला असता.)

पायरी ५: हवा पोचवणं

या नोझलला डिझाइन दाबाला मिनिटाला सुमारे ६८० लिटर हवा लागते, २४ सीएफएम. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर याच्या निम्मीही देत नाही. म्हणून टाकीवर भिस्त ठेवा: १६० लिटरची टाकी मीटरवर ९ पासून ७ बारपर्यंत उतरायला जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात फोटो उरकायचे, मग पुन्हा भरू द्यायची. टाकीवर लिहिलेल्या दाबापुढे जाऊ नका, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला गाळ्याबाहेर पाठवा.

बाजारातला निळा ६ मि.मी. आतल्या व्यासाचा पाइप इथे चालत नाही. पाच मीटर पाइपमध्ये जवळजवळ २ बार दाब खर्च होतो. टाकीवरचं मीटर ७ दाखवतं, नोझलला ५ पोचतो आणि माणूस गणिताला दोष देतो. १२ मि.मी.चा रबरी होज घ्या, त्यात तोटा ०.१ बारच्या आत राहतो. दाबाचं मीटर नोझलच्या अगदी मागे टी लावून बसवा. पीव्हीसीचा पाण्याचा पाइप दाबाच्या हवेला कधीही लावू नका. तो फुटतो तेव्हा त्याचे धारदार तुकडे उडतात.

पाणी हा दुसरा शत्रू. थ्रोटमध्येच तापमान उणे १५ अंशांवर जातं, तोंडाशी उणे शंभर. हवेत ओल असेल तर झोतात धुकं बनतं आणि नवशिका त्यालाच शॉक समजतो. टाकीचा ड्रेन उघडून पाणी काढा, वॉटर सेपरेटर लावा. जुलै-ऑगस्टपेक्षा फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा या कामाला कितीतरी बरी. नोझल शिकंज्यात घट्ट पकडा. गॉगल आणि कानाला मफ हवेतच. हा झोत किंचाळतो. बोट, तळहात झोतासमोर धरू नका, दाबाची हवा कातडीत शिरते.

पायरी ६: दिसावं कसं

शॉकमध्ये घनता बदलते, म्हणून प्रकाश किंचित वाकतो. हा वाक दाखवणारी श्लिरेन पद्धत ऑगस्ट टोपलरने १८६० च्या दशकात वापरात आणली, आणि १८८७ मध्ये अर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांनी गोळीभोवतीच्या शॉकची छायाचित्रं प्रसिद्ध केली. तुमचा खर्च त्यांच्याहून बराच कमी येईल.

दुर्बिणीचा १५० मि.मी. व्यासाचा, १२०० मि.मी. नाभीय अंतराचा आरसा घ्या. गोलीय असेल तर उत्तम, पॅराबोलिक असला तरी या मापाला चालतो. आरशापासून २४०० मि.मी.वर एलईडी, त्याच्यासमोर अर्ध्या मि.मी.च्या भोकाचा पत्रा. आरसा किंचित वळवा, म्हणजे परतणारा प्रकाश एलईडीच्या अगदी शेजारी ठिपका बनून पडतो. तिथे दाढीचं ब्लेड अशा बेताने सरकवा की निम्मा ठिपका झाकला जाईल. ब्लेडच्या लगेच मागे झूम लेन्सचा कॅमेरा. नोझल आरशासमोर १० ते २० सेंटिमीटरवर ठेवा. यापेक्षा लांब गेलात तर प्रकाश दोनदा वेगळ्या वाटेने जातो आणि चित्र दुहेरी दिसतं.

ब्लेडची धार झोताला आडवी ठेवली तर उभे शॉक उठून दिसतात, झोताला समांतर ठेवली तर झोताच्या कडा आणि तिरक्या लाटा. दोन्ही तऱ्हेने फोटो घ्या. ब्लेड सरकवताना पूर्ण चित्र एकसारखं काळवंडलं पाहिजे. एका बाजूने सावली चढत असेल तर ब्लेड ठिपक्याच्या जागेपासून पुढेमागे आहे.

सोलापुरी उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखालच्या गाळ्यात तापलेल्या हवेचेच लोट सगळ्या चित्रभर दिसतात. पहाटे करा, पंखा बंद ठेवा, शेजारचे माग सुरू व्हायच्या आत. त्यांच्या हादऱ्याने ठिपका ब्लेडवर नाचतो. आरशावर पिंजर बसला तर कापडाने पुसू नका, रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा.

पायरी ७: चित्राचं माप घ्या

मीटरवर ४.०४ बार ठेवा, म्हणजे ५ बार निरपेक्ष. तोंडाशी झोताचा दाब ५ गुणिले ०.१२७८ (मॅक २ ला झोताचा दाब स्टॅग्नेशन दाबाच्या एवढ्या पट असतो), म्हणजे ०.६४ बार, बाहेर ०.९६. बाहेरची हवा झोताला दाबते, म्हणून तोंडाच्या कडेपासून ऑब्लिक शॉक आत झुकतात. दाबाचं गुणोत्तर १.५०, त्यावरून काटकोनातला मॅक १.१९६, आणि शॉकचा कोन ३६.७ अंश. फोटोवर कोनमापक ठेवून पाहा. गोल झोतात शॉक पुढे वाकतो, म्हणून कोन कडेच्या अगदी जवळ मोजा.

मग ८.०४ बार. आता तोंडाशी १.१५ बार, बाहेर ०.९६. कडेपासून एक्स्पान्शन फॅन निघतो आणि झोत सुमारे ३ अंशांनी फुगतो. हा फॅन समोरच्या मोकळ्या कडेवर आदळून उलटा होतो, दाबणाऱ्या लाटा बनून परत येतो. भिंतीवर आदळला असता तर फॅनचा फॅनच राहिला असता. मोकळ्या कडेचा हा नियम समजला की झोतात ओळीने दिसणाऱ्या हिऱ्यांसारख्या आकृत्यांची माळ का बनते ते आपोआप उलगडतं: दाबणं, पसरणं, पुन्हा दाबणं.

६.५५ बारला हिरे पूर्ण नाहीसे होतील अशी अपेक्षा ठेवू नका. सरळ शंकूच्या नोझलमध्ये प्रवाह तोंडाशी समांतर नसतो, त्यामुळे फिकट हिरे उरतातच. ०.७१ बारला तोंडाशी सरळ उभा शॉकही मिळत नाही, कारण शॉकच्या आधीच प्रवाह भिंतीपासून सुटतो. तोंडाचा दाब बाहेरच्या दाबाच्या चाळीस टक्क्यांखाली गेला की हे होणार असं ढोबळमानाने धरा.

नुसतं ३ मि.मी.चं सरळ भोक ६ बारला चालवलं, तर झोत इतका फुगतो की मध्ये आडवी चकती दिसते, मॅक डिस्क. तिचं अंतर अंदाजे ०.६७ गुणिले भोकाचा व्यास गुणिले (निरपेक्ष दाब भागिले बाहेरचा दाब) याचं वर्गमूळ. इथे ५.४ मि.मी. येतं.

हेच गणित कामावर

एअरजेट मागावर (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या) धागा कमी पोचला की दाब वाढवण्याकडे हात जातो. नोझल चोक असेल तर झोत थोडा पुढे पोचतो खरा, पण हवेचा खर्च निरपेक्ष दाबाच्या सरळ प्रमाणात चढतो आणि शॉकमध्ये वाया जाणारा भागही वाढतो. आधी नोझलचं तोंड झिजलंय का, त्यात मेण-पिंजर अडकलाय का ते पाहा.

वाफेच्या झोताने हवा ओढून व्हॅक्युम करणाऱ्या इजेक्टरमध्ये नोझलचा झोत सुपरसॉनिक असतो आणि पुढच्या नळीत शॉकमालिका उभी राहूनच दाब चढतो. पुढचा दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला किंवा वाफेचा दाब पडला, की शॉक मागे सरकतो आणि व्हॅक्युम हळूहळू न उतरता एकदम तुटतो. अशा वेळी इजेक्टर उघडण्याआधी वाफेचा दाब इजेक्टरच्या तोंडाशी मोजा, कंडेन्सरचं पाणी तपासा, आणि वाफ ओली आहे का ते पाहा. ओल्या वाफेचे थेंब नोझल खातात आणि क्षेत्रफळांचं गुणोत्तर बदलतं. या हिशेबाला हवेची कोष्टकं वापरू नका. वाफेचा विशिष्ट उष्णतांचा भागाकार १.४ ऐवजी सुमारे १.३ असतो, आणि चोक होण्याचं गुणोत्तर १.८९ ऐवजी १.८३ येतं.